नव्या मायएसक्यूएलचा रूट पासवर्ड: रीसेट करण्याआधी तो होता का ते बघा

डेटाबेस टाकला, सर्व्हिस सुरू झाली आणि पहिल्याच लॉगिनला ‘ॲक्सेस डिनाइड’. मग माणूस पासवर्ड रीसेट करायची युक्ती शोधू लागतो. पहिला सल्ला मिळतो तो असा: सर्व्हर बंद करा, परवानग्यांची टेबलं वगळून पुन्हा चालू करा, आत शिरा आणि पासवर्ड बदला. किल्ली खिशात आहे का हे न चाचपता दाराच्या बिजागऱ्या काढण्यातलाच हा प्रकार. ताज्या इन्स्टॉलेशनमध्ये पासवर्ड तुम्ही विसरलेला नसता, कारण तो तुम्ही ठेवलेलाच नसतो. एकतर सर्व्हरने स्वतःच एक पासवर्ड बनवून लॉगमध्ये लिहून ठेवलेला असतो, नाहीतर त्या खात्याला पासवर्ड लागतच नसतो. म्हणून या लेखाचा निम्म्याहून जास्त भाग रीसेट कसा टाळायचा यावरच आहे. खरंखुरं रीसेट शेवटी येईल.

मी लिनक्सवरचा मायएसक्यूएल ५.७ किंवा ८ धरून चाललो आहे. मारियाडीबी आणि पोस्टग्रेस हे दुसरे डेटाबेस, आणि डॉकर (प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या बंद डब्यात चालवायची सोय) यांचं वेगळेपण ज्या त्या जागी सांगतो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, फोनवर कुणाला सांगाव्यात तशा. टर्मिनलवर त्या अर्थातच इंग्रजी लिपीत टाकायच्या. पर्यायांची अक्षरं छोट्या लिपीतली: -यू म्हणजे यूझर, -पी म्हणजे पासवर्ड. मोठा पी टाकलात तर तो पोर्ट समजला जातो.

आधी दोन रूट वेगळे करा

नवख्याचा पहिला गोंधळ इथेच होतो. लिनक्सचा रूट वेगळा आणि मायएसक्यूएलचा रूट वेगळा. नाव एक, पण एकाचा पासवर्ड दुसऱ्याला चालत नाही. मायएसक्यूएलच्या दृष्टीने खातं म्हणजे नाव अधिक ठिकाण: 'रूट'@'लोकलहोस्ट' (याच मशीनवरून) हे एक खातं आणि 'रूट'@'%' (कुठूनही) हे दुसरं. एकाचा पासवर्ड बदलला म्हणून दुसऱ्याचा बदलत नाही. अस्तित्वात नसलेल्या जोडीवर बदलाची कमांड चालवली तर १३९६ क्रमांकाची एरर येते. ती आली की कमांडमधला होस्ट तपासा.

एररचा आकडा वाचा

‘लॉगिन होत नाहीये’ एवढं सांगून कुणीच मदत करू शकत नाही. आकडा मात्र बरंच काही सांगून जातो.

२००२ आला तर पासवर्डाचा विषयच सोडा. सर्व्हर चालू नाही, किंवा क्लायंट (तुम्ही ज्यातून लॉगिन करता तो प्रोग्राम) त्याला चुकीच्या सॉकेटवर (एकाच मशीनवरचे प्रोग्राम जिथून बोलतात त्या जागी) शोधतोय. ‘सिस्टमसीटीएल स्टेटस मायएसक्यूएलडी’ करून बघा. आरपीएम पॅकेजवाल्या (रेड हॅटसारख्या) लिनक्सवर सर्व्हिसचं नाव मायएसक्यूएलडी असतं, उबुंटू-डेबियनवर शेवटचा डी नसतो.

१०४५ म्हणजे पासवर्ड जुळला नाही. या ओळीच्या शेवटी कंसात ‘यूझिंग पासवर्ड: येस’ किंवा ‘नो’ असतं, आणि बहुतेकांची नजर तिथवर पोचतच नाही. ‘नो’ असेल तर तुम्ही पासवर्ड पाठवलाच नाही, बहुधा -पी राहिला. उलट, -पी न देताही ‘येस’ दिसत असेल तर बहुधा तुमच्या होम फोल्डरमध्ये माय.सीएनएफ नावाची लपलेली फाइल आहे (नावाच्या आधी टिंब) आणि क्लायंट तिच्यातला जुना पासवर्ड गुपचूप पाठवतोय.

१६९८ दिसला तर त्या खात्याला पासवर्ड लागत नाही. १८२० म्हणजे तुम्ही आत आला आहात, पण तात्पुरता पासवर्ड बदलल्याशिवाय काही करता येणार नाही. १८१९ म्हणजे नवा पासवर्ड नियमात बसत नाही. या तिन्हींवर पुढे येतोच.

लॉगमध्ये ठेवलेला पासवर्ड

मायएसक्यूएल ५.७ पासून अधिकृत आरपीएम पॅकेजने टाकलेला सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना रूटसाठी एक पासवर्ड बनवतो आणि एरर लॉगमध्ये लिहितो. तो काढायची कमांड (सुडो म्हणजे लिनक्सच्या रूटच्या अधिकाराने चालवणं, ग्रेप म्हणजे फाइलमध्ये शोधणं):

सुडो ग्रेप 'टेम्पररी पासवर्ड' /वार/लॉग/मायएसक्यूएलडी.लॉग

एक ओळ येते. तिच्या शेवटी ‘रूट@लोकलहोस्ट’, मग अपूर्णविराम, मग एक मोकळी जागा आणि त्यानंतर डझनभर अक्षरांचा पासवर्ड. मोकळी जागा पासवर्डात धरायची नाही, बाकी ओळीच्या टोकापर्यंत सगळं धरायचं.

हे ‘सगळं’ मी मुद्दाम म्हणतोय. या पासवर्डात विरामचिन्हं असतात आणि कधी कधी शेवटचं अक्षर स्वल्पविराम, अर्धविराम किंवा टिंब निघतं. वाचणाऱ्याला ते वाक्याचं विरामचिन्ह वाटतं आणि तो ते सोडून देतो. मी स्वतः एकदा असाच एक स्वल्पविराम गाळून अर्धा तास १०४५ बघत बसलो होतो. दुसरा सापळा डबल-क्लिकचा. टर्मिनलमध्ये शब्दावर डबल-क्लिक केलं की बऱ्याचदा निवड विरामचिन्हाशी थांबते आणि अर्धाच पासवर्ड कॉपी होतो. माउस ओढून ओळीच्या टोकापर्यंत निवडा.

ग्रेपमध्ये अशा दोन-तीन ओळी आल्या तर सर्व्हर याआधीही नव्याने मांडला गेलाय. शेवटची ओळ घ्या. एकही ओळ आली नाही तर “‘नवीन’ जे नवीन नसतं” हा पुढचा भाग वाचा.

आता लॉगिन: मायएसक्यूएल -यू रूट -पी, आणि एंटर. पासवर्ड विचारला जाईल तेव्हाच पेस्ट करा. पडद्यावर तारे-टिंबं काहीही उमटणार नाही, कीबोर्ड बिघडलेला नाही. पासवर्ड त्याच ओळीत -पी च्या पुढे जागा सोडून लिहिलात तर क्लायंट त्याला डेटाबेसचं नाव समजतो आणि पासवर्ड पुन्हा विचारतो. जागा न सोडता चिकटवून लिहिला तर चालतो, पण त्यातल्या डॉलर किंवा उद्गारचिन्हाचा शेल स्वतःचा अर्थ लावू शकतो, आणि शेलच्या हिस्ट्रीत पासवर्ड उघडा पडतो तो वेगळाच. तेव्हा -पी, एंटर, मग पासवर्ड.

आत गेल्यावर काहीही विचारलं तरी १८२० येईल. तात्पुरता पासवर्ड मुदत संपलेला म्हणूनच जन्माला येतो. सगळ्यात आधी ही ओळ:

अल्टर यूझर 'रूट'@'लोकलहोस्ट' आयडेंटिफाइड बाय 'तुमचा नवा पासवर्ड';

शेवटचा अर्धविराम विसरला की एंटरनंतर नुसता बाण दिसतो आणि सर्व्हर वाट बघत राहतो. तेव्हा फक्त अर्धविराम टाकून एंटर दाबा. आणि ही ओळ एखाद्या वर्ड प्रोसेसरमधून कॉपी करू नका. तिथली अवतरणचिन्हं वळणदार होतात आणि मायएसक्यूएलला सरळच लागतात.

१८१९ आला तर आरपीएम इन्स्टॉलेशनसोबत येणारा पासवर्ड तपासनीस जागा झालाय. त्याचा मूळ नियम मध्यम पातळीचा: किमान ८ अक्षरं, त्यात निदान एक मोठं अक्षर, एक छोटं, एक अंक आणि एक चिन्ह. नियम सैल करायची ओढ होते, पण पहिला बदल होईपर्यंत सर्व्हर तुम्हाला नियमाची व्हेरिएबलंसुद्धा दाखवणार नाही, पुन्हा १८२० देईल. तेव्हा नियमात बसणारा एक पासवर्ड मुकाट्याने ठेवा.

पासवर्ड लागतच नाही तेव्हा

उबुंटूवर ॲप्टने (तिथल्या पॅकेज टाकायच्या साधनाने) मायएसक्यूएल टाकला असेल तर लॉग चाळत बसू नका. तिथे रूट खातं ऑथ_सॉकेट नावाच्या प्लगइनवर (ओळख तपासणाऱ्या जोडभागावर) असतं. सर्व्हर पासवर्ड विचारत नाही, पलीकडचा लिनक्स वापरकर्ता कोण आहे एवढंच ऑपरेटिंग सिस्टमला विचारतो. लिनक्सचा रूट असाल तर आत, नसाल तर १६९८. उत्तर दोन शब्दांचं:

सुडो मायएसक्यूएल

झालं. मारियाडीबीमध्येही १०.४ पासून हीच पद्धत आहे, तिथे प्लगइनचं नाव यूनिक्स_सॉकेट. कुठलं खातं कशावर आहे ते बघायचं असेल तर आत जाऊन ‘सिलेक्ट यूझर, होस्ट, प्लगइन फ्रॉम मायएसक्यूएल.यूझर;’ करा.

इथे अनेक जण रूटला जबरदस्तीने पासवर्ड लावतात, कारण त्यांच्या वेबसाइटला ‘रूट आणि पासवर्ड’ हवा असतो. माझं मत स्पष्ट आहे: रूटला हात लावू नका. जो पासवर्डच नाही तो चोरता येत नाही. वेबसाइटसाठी वेगळं खातं काढा. आधी ‘क्रिएट यूझर 'वेबॲप'@'लोकलहोस्ट' आयडेंटिफाइड बाय 'पासवर्ड';’ आणि मग ‘ग्रँट ऑल प्रिव्हिलेजेस ऑन माझाडेटा.* टू 'वेबॲप'@'लोकलहोस्ट';’. इथे माझाडेटा म्हणजे तुमच्या डेटाबेसचं नाव. दोन ओळींचं काम.

तरीही रूटला पासवर्ड हवाच असेल तर मायएसक्यूएल ८ मध्ये प्लगइनचं नाव स्पष्ट घ्या: ‘आयडेंटिफाइड विथ कॅशिंग_शा२_पासवर्ड बाय’ आणि पुढे पासवर्ड. जुन्या सूचनांमध्ये इथे मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड लिहिलेलं असतं. तो प्लगइन ८.४ मध्ये मुळातच बंद असतो आणि ९.० मधून तो काढूनच टाकलाय.

‘नवीन’ जे नवीन नसतं

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण. कुणीतरी पॅकेज काढून पुन्हा टाकतं, एकदा नव्हे तीनदा, आणि तरी पासवर्ड ‘जुनाच’ राहतो. कारण पॅकेज काढलं तरी /वार/लिब/मायएसक्यूएल हे फोल्डर जागेवरच राहतं. सगळा डेटा तिथे असतो आणि खाती व पासवर्ड हाही डेटाच. नवा सर्व्हर सुरू होताना त्याला घर भरलेलं दिसतं, तो मुकाट्याने जुन्या सामानासह राहायला लागतो. नवा पासवर्ड बनत नाही, म्हणून लॉगमध्ये ओळही येत नाही.

आत काहीच कामाचं नाही याची खात्री असेल तर सर्व्हिस थांबवा, त्या फोल्डरचं नाव बदला आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करा. आरपीएम प्रकारात जागा रिकामी दिसली की सगळं नव्याने मांडलं जातं आणि ताजा तात्पुरता पासवर्ड लॉगमध्ये येतो. लक्षात घ्या, मी ‘नाव बदला’ म्हटलं, ‘डिलीट करा’ नाही. आत कामाचं काही नाही अशी खात्री माझीही दोनदा चुकली आहे.

डॉकरची कथा हीच, फक्त कपडे वेगळे. मायएसक्यूएल_रूट_पासवर्ड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पहिल्या सुरुवातीला, डेटा व्हॉल्यूम (कंटेनर पाडला तरी टिकणारा साठा) रिकामा असतानाच वाचलं जातं. नंतर कंपोज फाइलमध्ये ते कितीही बदला, कंटेनर कितीही वेळा पाडून उभा करा, व्हॉल्यूम तोच असेल तर पासवर्डही पहिलाच. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये पोस्टग्रेस_पासवर्डचंही तसंच. व्हॉल्यूम टाकून देता येत असेल तर द्या, नाहीतर जुन्या पासवर्डने आत जाऊन अल्टर यूझर करा.

खरंच रीसेट करायचंय

लॉगमधल्या जुन्या नोंदी निघून गेल्या, जुना डेटा हवाय, पासवर्ड कुणालाच माहीत नाही. ठीक. आता बिजागऱ्या काढू, पण कमीत कमी वेळासाठी. मी इनिट-फाइलची पद्धत आधी सुचवतो, कारण तीत सर्व्हर एक क्षणही बिनकुलपाचा राहत नाही. तो स्वतःच सुरू होताना फाइलमधली ओळ चालवतो आणि मग नेहमीसारखा उघडतो.

१. सर्व्हिस थांबवा: सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप मायएसक्यूएलडी (किंवा शेवटच्या डी शिवाय).

२. /वार/लिब/मायएसक्यूएल-फाइल्स या फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल बनवा. तीत वरचीच अल्टर यूझर ओळ, अर्धविरामासह, एकाच ओळीत. टिपणी वगैरे काही नको. फाइल होम फोल्डरमध्ये ठेवायचा मोह टाळा: उबुंटूवर ॲपआर्मर (कुठल्या प्रोग्रामने कुठल्या फाइली उघडाव्यात ते ठरवणारा पहारेकरी) सर्व्हरला तिथे डोकावू देत नाही आणि मग काहीच का घडत नाही हे कळत नाही.

३. फाइलची मालकी मायएसक्यूएल या लिनक्स वापरकर्त्याला द्या (चाउन) आणि परवानगी ६०० करा, म्हणजे फक्त मालकालाच ती वाचता-लिहिता येईल. आत उघडा पासवर्ड आहे.

४. सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्ये चौकोनी कंसातल्या मायएसक्यूएलडी या शीर्षकाखाली एक ओळ टाका: इनिट-फाइल, बरोबरचं चिन्ह आणि फाइलचा पूर्ण पत्ता. ही कॉन्फिग आरपीएमवर /ईटीसी/माय.सीएनएफ, उबुंटूवर /ईटीसी/मायएसक्यूएल/मायएसक्यूएल.कॉन्फ.डी/मायएसक्यूएलडी.सीएनएफ.

५. सर्व्हिस सुरू करा आणि नव्या पासवर्डने आत जाऊन बघा. गेलात तर बाहेर या, कॉन्फिगमधली ती ओळ काढा, फाइल डिलीट करा, सर्व्हिस पुन्हा सुरू करा.

पाचव्या पायरीचा उत्तरार्ध गाळू नका. ओळ तशीच राहिली तर प्रत्येक रीस्टार्टला पासवर्ड पुन्हा तोच होईल. सहा महिन्यांनी कुणीतरी तो बदलेल, मशीन रीबूट होईल आणि ‘पासवर्ड आपोआप बदलतो’ अशी तक्रार येईल.

विंडोजवरही हेच चालतं. तिथे कॉन्फिगचं नाव माय.आयएनआय, सर्व्हिस थांबवायची सर्व्हिसेसच्या खिडकीतून, आणि पत्ता लिहिताना उलट्या तिरक्या रेघेऐवजी सरळ तिरकी रेघ वापरा म्हणजे घोळ होत नाही.

आता ती प्रसिद्ध पद्धत, स्किप-ग्रँट-टेबल्स. कॉन्फिगमध्ये त्याच शीर्षकाखाली हे शब्द टाकून सर्व्हर सुरू केला की जो येईल तो रूट, पासवर्ड नाही. मायएसक्यूएल ८ अशा वेळी नेटवर्कचं दार स्वतःहून बंद करतो. ५.७ करत नाही, तिथे स्किप-नेटवर्किंग ही ओळही तुम्हीच टाकायची. आत गेल्यावर थेट अल्टर यूझर केलं तर १२९० येतो, कारण परवानग्यांची टेबलं अजून वाचलेलीच नाहीत. आधी ‘फ्लश प्रिव्हिलेजेस;’, मग अल्टर यूझर. मग बाहेर, कॉन्फिगमधल्या ओळी काढा, रीस्टार्ट.

मायएसक्यूएल.यूझर टेबलावर थेट ‘अपडेट’ मारून पासवर्ड नावाचा कॉलम बदला असं कुणी सांगत असेल तर ती सूचना जुनी आहे. तो कॉलम ५.७ मध्येच गेला आणि त्यासोबत वापरलं जाणारं पासवर्ड हे फंक्शन ८.० मध्ये गेलं. मारियाडीबीत १०.४ पासून ते टेबल टेबलच राहिलेलं नाही, नुसता व्ह्यू आहे.

पोस्टग्रेस, थोडक्यात

इथे प्रमुख खातं पोस्टग्रेस, आणि लिनक्सवर ते बहुधा ‘पीअर’ पद्धतीने चालतं, म्हणजे वरच्या सॉकेटचाच भाऊ. ‘पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड’ आलं तर पासवर्ड शोधू नका: सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल. आत गेल्यावर उलटी तिरकी रेघ आणि तिला चिकटून पासवर्ड, मग पोस्टग्रेस. दोनदा नवा पासवर्ड विचारला जातो. याचा फायदा असा की पासवर्ड उघड्या अक्षरांत सर्व्हरकडे जात नाही आणि लॉगमध्येही राहत नाही.

पासवर्ड विचारला जातोच आणि माहीत नाही, अशी अवस्था असेल तर पीजी_एचबीए.कॉन्फ (कुणाची ओळख कशी तपासायची ते लिहिलेली) फाइल उघडा. लोकलच्या ओळीतली पद्धत थोड्या वेळापुरती पीअर करा, सर्व्हर रीलोड करा, पासवर्ड बदला, ओळ पूर्ववत करा, पुन्हा रीलोड. बरेच जण इथे ‘ट्रस्ट’ लिहितात. तेही चालतं, पण ट्रस्ट म्हणजे त्या मशीनवरच्या कुणालाही मुक्तद्वार. पीअरने भागत असेल तर ट्रस्ट कशाला?

झाल्यावर एक चुकीचा पासवर्ड टाका

नवा पासवर्ड चालतो का हे सगळे बघतात. चुकीचा नाकारला जातो का, हे कुणी बघत नाही. एका चाचणीच्या मशीनवर मी स्किप-ग्रँट-टेबल्सची ओळ काढायची विसरलो आणि रात्रभर ते तसंच राहिलं. सगळं सुरळीत चालू होतं, लॉगिन होत होतं, वेबसाइट उघडत होती. म्हणूनच लक्षात आलं नाही, कारण अशा सर्व्हरला कुठलाही पासवर्ड चालतो. सकाळी सहकाऱ्याने पासवर्ड चुकीचा टाइप केला आणि तो आत गेला, तेव्हा कळलं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. रीस्टार्ट झाल्यावर मायएसक्यूएल -यू रूट -पी, आणि मुद्दाम काहीतरी अगम्य टाइप करायचं. १०४५ दिसला पाहिजे. सॉकेटवरच्या रूटसाठी हीच चाचणी सुडोशिवाय करायची, तिथे १६९८ यायला हवा. मग होम फोल्डरमधली ती लपलेली माय.सीएनएफ उघडून तिच्यात जुना पासवर्ड राहिलाय का बघायचं, आणि बॅकअपची स्क्रिप्ट कुठला पासवर्ड वापरते तेही. रात्री दोनला चालणारी स्क्रिप्ट तक्रार करायला कुणाला उठवत नाही, ती फक्त रिकामी फाइल बनवून ठेवते.